आंघोळ घालून पण भुभूच्या अंगाचा वास जात नाहीये, काय करावं?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, ब्रुनो. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या अंगाला इतका कुबट वास येतोय की बाहेरून येऊन दार उघडलं की हॉलमध्येच जाणवतो. आंघोळ घातली की एक दिवस बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत तेच. आता दर रविवारी आंघोळ घालतोय, बेबी शाम्पूने, सौम्य असतो म्हणून. खाणंपिणं, खेळणं, शी-शू सगळं व्यवस्थित आहे. मधेमधे डोकं झटकतो आणि रात्री पंजे चाटत बसतो, पण ते तो आधीपासूनच करतो.

लिफ्टमधून न्यायला लागलो की शेजारच्या काकू पुढच्या लिफ्टने येते म्हणतात, घरी सासूबाईंना वासाचा त्रास होतो, आणि दोनतीन जणांनी सांगून झालंय की त्याला गॅलरीतच ठेवा. ते मला अजिबात मान्य नाही. तो आमच्या पायाशी झोपणारा कुत्रा आहे, वास येतो म्हणून त्याला पावसात बाहेर ठेवणार नाही. पण वासाचं काहीतरी करायला हवं हे खरं आहे. आंघोळ अजून वाढवावी का? कोणता शाम्पू चांगला? अनुभव असतील तर प्लीज सांगा.

टेकडीपळू

लॅब आणि पुण्याचा जुलै म्हणजे थोडा वास येणारच हो. आमचा पण लॅबच आहे, रोज सकाळी वेताळ टेकडीवर नेतो आणि भिजूनच परत येतो. लॅबचा कोट दुहेरी असतो, वरचे केस पाणी उडवून लावतात म्हणून हाताला कोरडा लागतो पण आतली लोकर ओलीच राहते, आणि आपल्याकडे या दिवसांत माणसांचे कपडे दोनदोन दिवस वाळत नाहीत तर ती लोकर कुठून वाळणार. केसांवर जे बॅक्टेरिया आणि यीस्ट असतात त्यांनी तयार केलेले वासाचे पदार्थ एरवी तिथेच दबून असतात, पाणी सुकायला लागलं की त्याच्यासोबत हवेत येतात, म्हणून ओल्या कुत्र्याचा वास कोरड्या कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त.

आमचा नियम एकच, घरात पाऊल टाकायच्या आधी कोरडं करायचं. एक जुना पंचा पाणी टिपायला, मग मायक्रोफायबरचा टॉवेल, केसांच्या उलट दिशेने आत बोटं घालून. काखा, जांघा, पोट, शेपटीचं मूळ आणि पंजांच्या बोटांमधल्या खाचा, या जागा लोक विसरतात. त्यानंतर ड्रायर, पण गार हवेवर आणि लांबून धरून. गरम हवेने कातडी भाजते आणि कुत्र्याला ते बोलून सांगता येत नाही. रेनकोट घालत असाल तर घरी आल्या आल्या काढा, आत वाफ धरते.

सहकारनगर७

आमच्याकडे आधीपासून घरगुती उपायच करतात. डाळीचं पीठ आणि दही लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ. आंघोळीनंतर खोबरेल तेलात थोडा कापूर घालून अंगाला चोळायचं, वासही जातो आणि गोचीड पण येत नाहीत. केमिकलवाले शाम्पू मी तरी वापरणार नाही.

चिंगीची आई

कर्वेनगरी ताई, शाम्पूचं नंतर बघू, आधी वास नक्की कुठून येतोय ते शोधा. "अंगाला वास येतो" असं आपण म्हणतो पण बऱ्याचदा तो अंगाचा नसतोच, एका ठिकाणाहून येत असतो आणि घरभर पसरतो. आमच्या चिंगीचं (देशी आहे, रस्त्यावरून आणलेली) तसंच झालेलं, सगळे म्हणत होते आंघोळ घाला, आणि निघाली दाढ किडलेली.

ब्रुनो निवांत पडलेला असताना खरंच नाक लावून वास घ्या, एकेका जागेचा. आधी दोन्ही कान, पाळी उलटी करून. मग तोंड, ओठ वर करून हिरड्यांपाशी. मग मान आणि पट्ट्याखालची जागा. पंजे, बोटांच्या मधे. काखा, पोट, जांघा. सगळ्यात शेवटी शेपटीखाली. वासाचा प्रकार पण लक्षात ठेवा. कुबट, आंबूस, ओल धरलेल्या कपाटासारखा आणि कानात किंवा पंजात असेल तर बहुतेक वेळा यीस्ट. तेल खवट झाल्यासारखा आणि हाताला चिकट लागत असेल तर त्वचेचं तेल वाढलंय. वशाट, म्हणजे मासळीचा वास, तो पण शेपटीच्या बाजूने, तर गुदग्रंथी. कुजका वास येत असेल तर कुठेतरी जखम, पू किंवा दात. जागा आणि वास हे दोन सांगितले की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आणि डोकं झटकणं, पंजे चाटणं हे "तो आधीपासून करतो" म्हणून सोडून देऊ नका. रोज रात्री बसून पंजे चाटणारा कुत्रा बहुतेक वेळा खाजेमुळे चाटत असतो. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्यांचे पंजे लाळेने तांबूस होतात, त्यावरून ओळखता येतं.

पशुवैद्य_शिरवळ

चिंगीच्या आईंनी फार चांगलं लिहिलंय. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता पुण्यातच प्रॅक्टिस करतो, पावसाळ्यात ही तक्रार रोजची असते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निरोगी कुत्र्याला स्वतःचा हलका वास असतोच, तो शून्य करायच्या मागे लागू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तसा घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. बाकी अंगावर प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात, त्या तेलाने केस आणि त्वचा सुरक्षित राहते. त्वचेवर बॅक्टेरिया आणि मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट हे सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर थोड्या प्रमाणात राहतात, त्यांचा काही त्रास नसतो. ओलावा वाढला, तेल वाढलं किंवा त्वचेची ताकद कमी झाली की त्यांची संख्या भराभर वाढते आणि ज्याला आपण घाण वास म्हणतो तो तिथून सुरू होतो. म्हणून वास परत परत येत असेल तर तो अस्वच्छतेचा नसतो, त्वचेत काहीतरी बिघडलंय हे तो सांगत असतो. आंघोळीने वरचं धुतलं जातं, कारण तसंच राहतं, दुसऱ्या दिवशी वास परत.

लॅब, गोल्डन, पग, बुलडॉग, जर्मन शेफर्ड यांच्यात सगळ्यात जास्त सापडणारं मूळ कारण म्हणजे ॲलर्जी. धुळीतले माईट्स, परागकण, पिसवा, काहींना खाण्यातलं प्रथिन. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. कुत्र्यांना ॲलर्जीत शिंका कमी आणि खाज जास्त, आणि ती ठराविक ठिकाणी, म्हणजे कान, पंजे, काखा, पोट. खाजवून चाटून जागा ओली राहते, मग यीस्ट, मग वास. वय जास्त असेल, वजन वाढलेलं असेल, कुत्रा सुस्त आणि केस निस्तेज असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी, थायरॉइड कमी असलेल्या कुत्र्यांची त्वचा तेलकट आणि वासाची होते.

आता शाम्पूबद्दल. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो, पेशींचे ३ ते ५ थर, आपले १० ते १५. पीएच पण वेगळा, आपला ५.५ च्या आसपास आणि त्यांचा साधारण ६.५ ते ७.५. त्यामुळे माणसांचे साबण आणि शाम्पू त्यांच्यासाठी नाहीत. बेबी शाम्पूने लगेच काही नुकसान होत नाही पण यीस्टवर त्याचा काही उपयोगही नाही. निरोगी कुत्र्याला तीन ते सहा आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरे. इन्फेक्शन असेल तर मात्र गणित वेगळं, तेव्हा क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू सुरुवातीला आठवड्यातून दोनदा सुद्धा देतो आम्ही. त्यात लोक एक गोष्ट करत नाहीत, ती म्हणजे फेस करून दहा मिनिटं थांबणं. घड्याळ लावून दहा मिनिटं. लगेच धुतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवायचं, शाम्पू आत राहिला तर त्यानेच खाज सुटते.

सहकारनगर७, तुमच्या भावना कळतात पण कापूर कृपा करून बंद करा. कापूर कुत्र्यांना विषारी आहे, त्वचेतून आणि चाटून पोटात जातो, उलट्या आणि झटके येऊ शकतात. टी ट्री ऑइलचं पण तेच. कडुनिंबाच्या पाण्याने शेवटी अंग धुतलं तर हरकत नाही, पण झालेलं इन्फेक्शन त्याने बरं होत नाही. डाळीचं पीठ आणि दही दाट केसांतून पूर्ण निघत नाही, आत राहून आंबतं. तेलकट त्वचेवर अजून तेल चोळलं की यीस्टला हवं तेच मिळतं.

सहकारनगर७

कापराचं माहिती नव्हतं डॉक्टर, आजपासून बंद. आमच्याकडे मांजर पण आहे, तिला पण त्रास होऊ शकतो का? आणि मग गोचीडांसाठी काय वापरायचं?

पशुवैद्य_शिरवळ

हो, मांजरींना तर जास्त. आणि मांजर असेल तर गोचीडांचं औषध विकत घेताना डब्यावर परमेथ्रिन लिहिलंय का बघा. कुत्र्यांना चालतं, मांजरींच्या जिवावर बेतू शकतं, कुत्र्याला लावलं आणि मांजर त्याला चाटली किंवा त्याला चिकटून झोपली तरीही. वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध तुमच्या व्हेटला विचारूनच द्या. पुण्यात गोचीड बारा महिने असतात आणि त्यांच्यातून एर्लिकिया, बबेसिया असे ताप येतात, त्यामुळे हे काम नुसत्या पाल्यावर सोडू नका.

कर्वेनगरी

सगळ्यांचे खूप खूप आभार. चिंगीच्या आईंनी सांगितलं तसं आज एकेक जागा तपासली. तोंड ठीक, शेपटीखाली काही नाही. डाव्या कानात तपकिरी रंगाचा चिकट मळ आहे आणि तोच तो कुबट वास!! पंजांना पण तसाच वास, जरा सौम्य. बोटांच्या मधली कातडी लालसर आहे. कान हाताने दाबला तर त्याने पाय हलवत कुरकुर केली. इअरबडने मळ काढू का? बहीण म्हणाली हायड्रोजन पेरॉक्साइड घाल, फेसाबरोबर सगळं बाहेर येतं.

पशुवैद्य_शिरवळ

दोन्ही नको. कुत्र्याच्या कानाची नळी इंग्रजी एल अक्षरासारखी, आधी सरळ खाली आणि मग आत वळलेली. बडने मळ अजून आत ढकलला जातो. पेरॉक्साइडने आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि मागे ओल राहते, म्हणजे आपल्याला नको तेच. शिवाय पडद्याला भोक असेल तर कुठलंही औषध आत गेल्यावर ऐकण्यावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून कान आतून बघितल्याशिवाय थेंब घालायचे नाहीत. केमिस्टकडच्या माणसांच्या स्टेरॉइडवाल्या क्रीम पण लावू नका पंजांना, दोन दिवस लाली जाते आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं.

उद्याच व्हेटकडे न्या. ते कापसाने मळ घेऊन काचेवर पसरवतील आणि मायक्रोस्कोपखाली बघतील, यीस्ट असेल तर शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे. यीस्ट आहे का बॅक्टेरिया का दोन्ही, त्यावर औषध ठरतं. कोणी न बघता नुसतेच थेंब लिहून दिले तर तपासणी करा असं स्पष्ट सांगा.

आजोबा_वानवडी

तोंडाच्या वासाबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमची पॉमेरियन अकरा वर्षांची आहे. छोट्या जातींना दातांचा त्रास फार लवकर सुरू होतो, तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांना हिरड्यांचा काही ना काही विकार असतोच असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. दातांवर पिवळट कीट जमतं, ते दगडासारखं कडक होतं, हिरडी मागे सरकते आणि मग तो असह्य वास. लोक म्हणतात म्हातारं कुत्रं आहे, वास येणारच. असं म्हणू नका हो. त्या बिचाऱ्या जिवाला दुखत असतं, दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून ते जेवण हळूहळू कमी करतं आणि आपल्याला वाटतं वयाने भूक मंदावली. भूल देऊन दात साफ करून घेतले, दोन दात काढावे लागले, त्यानंतर ती परत खेळायला लागली. वयामुळे भूल द्यायची भीती वाटत होती, पण आधी रक्ततपासणी करून मगच देतात.

आता रोज रात्री जेवणानंतर ब्रश. कुत्र्यांसाठीचीच टूथपेस्ट घ्यावी, आपली नको, ते थुंकू शकत नाहीत आणि आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं ते कुत्र्यांना विष आहे. सुरुवातीला नुसतं बोट फिरवायचं, मग बोटाला गॉज गुंडाळून, मग ब्रश. घाई केली तर ती तोंड उघडतच नाहीत.

पशुवैद्य_शिरवळ

आजोबा, अगदी बरोबर. यात एक भर घालतो. तोंडाला लघवीसारखा, अमोनियासारखा वास येत असेल आणि पाणी पिणं वाढलं असेल तर मूत्रपिंडं तपासा. गोडसर, फळ पिकल्यासारखा येत असेल तर साखर. हे दोन्ही वास दातांचे नाहीत.

नवीन_धायरी

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमचा पग आहे, त्याला मधूनच माशासारखा वास येतो आणि तो ढुंगण फरशीवर घासत पुढे सरकतो. घरातल्यांना वाटलं जंत आहेत, जंताचं औषध देऊन झालं. ग्रूमर म्हणाले दर महिन्याला ग्रंथी दाबून रिकाम्या करतो. करून घ्यावं का?

चिंगीची आई

दर महिन्याला कशाला? गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात साधारण त्या जागी, दोन छोट्या पिशव्या असतात. शी घट्ट असेल तर तिच्या दाबाने त्या आपोआप रिकाम्या होतात. त्रास नसताना सारख्या दाबल्या तर आत सूज येते आणि मग खरंच त्रास सुरू होतो. शी सैल होत असेल तर ते आधी बघा, दूध, बिस्किटं आणि टेबलावरचं खाणं बंद करून. उकडलेला लाल भोपळा, मीठ मसाला काही न घालता, एकदोन चमचे जेवणात द्या, चोथा मिळतो. वजन जास्त असेल तर कमी करा, लठ्ठ कुत्र्यांना हा त्रास जास्त होतो.

पण आत्ता घासतोय म्हणजे भरलेल्या असतील, तर एकदा व्हेटकडूनच बघून घ्या. तिथे सूज, लाली किंवा रक्त दिसलं तर वाट बघू नका, गळू होऊन फुटतं. आणि पग आहे तर चेहऱ्याच्या आणि शेपटीच्या मुळाच्या वळ्या पण बघा. त्या रोज ओल्या कापडाने पुसायच्या आणि लगेच कोरड्या करायच्या. पावडर भरू नका, आत गोळे होतात.

नवीन_धायरी

शेपटीच्या वळीत खरंच ओलं आणि लाल आहे, तिकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. फोन केलाय, संध्याकाळी जातोय.

मुठाकाठ

सोसायटीच्या मुद्द्यावर थोडं. कर्वेनगरी, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला बहुमताने ठराव करून सुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. त्याची प्रिंट काढून ठेवा. पण काकूंशी भांडू नका असंही सांगेन, त्यांना सांगा की कानाला इन्फेक्शन आहे, औषध चालू आहे. कुत्रा आजारी आहे म्हटल्यावर बरीच माणसं मऊ होतात. आमच्याकडे तसंच झालं, तक्रार करणारे काकाच नंतर विचारायला लागले बरा आहे का म्हणून.

आणि नदीकाठी फिरवणाऱ्यांनो, मुठेच्या पात्रात मेलेला मासा दिसला की आमचा त्यात लोळतो. लोळण्यासाठी ओरडून काही होत नाही, तो त्यांचा स्वभाव आहे, साखळी हातात ठेवणं हाच उपाय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि माणसांनाही होतो, त्याची लस दर वर्षी चुकवू नका. खडकवासल्याला पोहायला नेत असाल तर परत आल्यावर कान कोरडे करणं विसरू नका.

औंधची_ग्रूमर

मी ग्रूमिंगचं काम करते. आमच्याकडे कुत्रा स्वच्छ होऊन जातो आणि घरी त्याच जुन्या गोधडीवर झोपतो, आठ दिवसांनी फोन, ताई वास परत आला. अंथरूण आठवड्यातून एकदा धुवायलाच हवं, मशीनमध्ये गरम पाण्याच्या सायकलवर, आणि पूर्ण वाळवून. पावसात वाळत नसेल तर एक जाड गादी ठेवण्यापेक्षा दोन पातळ चादरी ठेवा, आलटून पालटून, इस्त्री फिरवली तरी चालेल. पट्टा पण धुवा. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात काढून ठेवा, ओला चामडा मानेला लागून लागून तिथे जखम होते, नायलॉनचा वापरा आणि घरात असताना तोही काढा. सोफ्याची कव्हरं, गाडीची सीट, खेळायच्या दोऱ्या, त्यांचे पाण्याचे आणि जेवणाचे भांडे रोज घासून.

कोट काढून टाका, टक्कल करा म्हणून लोक मागे लागतात, पावसात वास येतो म्हणून. लॅब, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन यांचं मी करत नाही. दुहेरी कोट नंतर नीट उगवतोच असं नाही, आणि ऊन आणि पाणी दोन्हीपासून तो त्यांना सांभाळतो. ब्रश करा, रोज करा. पोटाचे आणि पंजातले केस फक्त थोडे कमी करून घ्या.

अत्तर, डिओ, सुगंधी स्प्रे काही मारू नका. त्यांचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तिखट, आपल्याला मंद वाटतं ते त्यांना चोवीस तास सहन करावं लागतं.

कर्वेनगरी

अपडेट देते. दोन्ही कानात आणि पंजात यीस्ट निघालं, डाव्या कानात बॅक्टेरिया पण. पडदा ठीक आहे. कानाचे थेंब आणि कान धुवायचं औषध दिलंय, क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं ठेवून. डॉक्टरांना ॲलर्जीचा संशय आहे कारण पंजे चाटणं जुनं आहे. कान बरे झाले की आठ आठवडे वेगळं जेवण देऊन बघायचं, त्याने आधी कधी खाल्लं नाही असं प्रथिन, आणि त्या काळात बाकी एकही बिस्किट किंवा पोळीचा तुकडा नाही. सासूबाई त्याला रोज दूधपोळी देतात, त्यांना समजावून सांगितलं तर त्या लगेच तयार झाल्या. त्याला खाज सुटत असेल तर नको बाई दूध, म्हणाल्या.

अजून एक विचारायचंय, आमच्याकडे फरशी फिनाईलने पुसतात, त्याचा पंजांवर परिणाम होतो का?

पशुवैद्य_शिरवळ

होतो. ओल्या फरशीवरून चालला की पंजाला लागतं आणि मग तो चाटतो. त्वचा आधीच लाल आहे तर अजून झोंबणार. साध्या पाण्याने किंवा अगदी थोड्या सौम्य साबणाने पुसा आणि वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात शू झाली तर त्या जागेला एन्झाइमवालं क्लीनर वापरा, अमोनियाचा वास असलेलं नको, त्याने परत तिथेच शू करतात. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवून बोटांमधून कोरडे करा. ॲलर्जीच्या कुत्र्यात एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आणि कान दोन दिवसांत छान दिसले तरी औषधाचा कोर्स मधे सोडू नका. पुन्हा मायक्रोस्कोपखाली बघून मगच बंद करायचं. अर्धवट सोडलेला कान महिन्याभरात परत येतो आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर नळी जाड होऊन बंद होते, मग ऑपरेशनशिवाय उपाय राहत नाही.

आजोबा_वानवडी

डॉक्टर, मादी कुत्र्यांबद्दल एक लिहा ना. आमच्या ओळखीत एक कुत्री याच वासावरून दगावली.

पशुवैद्य_शिरवळ

हो, हे लिहायलाच हवं. नसबंदी न केलेली मादी असेल, पाळी होऊन एकदोन महिने झाले असतील, आणि खालून घाण वासाचा स्राव येत असेल, पाणी जास्त पीत असेल, जेवत नसेल, मरगळलेली असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, पायोमेट्रा म्हणतात. ही त्याच दिवशीची इमर्जन्सी आहे. काही वेळा गर्भाशयाचं तोंड बंद असतं, तेव्हा स्राव आणि वास काहीच येत नाही आणि ते जास्त धोक्याचं. सोनोग्राफीत कळतं. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून टाका, हा आजार टळतो.

सिंहगडरोड_फीडर

घरचा कुत्रा नाही पण इथेच विचारते. आमच्या गल्लीत एक काळा कुत्रा आहे, रोज जेवायला येतो. कालपासून जवळ आला की सडका वास येतोय, असा वास मी कधीच घेतला नव्हता. मानेपाशी केस ओले चिकटलेत, हात लावू देत नाही. किराणावाले म्हणतात फिनाईल ओता, अळ्या असतील तर मरतील.

पशुवैद्य_शिरवळ

फिनाईल, टर्पेंटाईन, पेट्रोल काहीही ओतू नका. जखम भाजते, चाटून पोटात जातं आणि तो घाबरून लपून बसला तर परत हाती लागणार नाही. वर्णनावरून अळ्या पडलेल्या जखमेसारखं वाटतंय. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, एका दिवसात अळ्या निघतात आणि आत आत खात जातात. वरून भोक छोटं दिसतं, आत मोठी पोकळी असते. मान, कान आणि शेपटीजवळ असेल तर फार लवकर वाढतं, म्हणून आजच उपचार हवेत. केस कापून, वेदनाशामक देऊन अळ्या काढाव्या लागतात, नंतर ड्रेसिंग आणि इंजेक्शन.

रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टला फोन करा, फोटो आणि नेमकी जागा पाठवा. तोपर्यंत त्याला नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी खायला द्या, म्हणजे तो तिथेच राहील. स्वतः पकडायला जाऊ नका, दुखणारा कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

चिंगीची आई

मी सनसिटीच्या जवळ राहते, माझ्याकडे मोठा क्रेट आहे. तुला इथेच निरोप टाकलाय, नंबर दे. चिकन उकडून आणते, त्या वासाने क्रेटमध्ये येईल.

सिंहगडरोड_फीडर

ताई आल्या, तो चिकनसाठी आपणहून क्रेटमध्ये शिरला. जवळच्या क्लिनिकमध्ये चारची वेळ मिळालीये. रिक्षावाले काका न्यायला तयार आहेत, फक्त खाली प्लास्टिक अंथरा म्हणाले. खर्च मी करतेय, ड्रेसिंगचे पंधरावीस दिवस त्याला ठेवायला कोरडी जागा हवी आहे, धायरी, वडगाव, आनंदनगर भागात कोणाकडे बंद पार्किंग किंवा रिकामी खोली असेल तर कळवा.

नवीन_धायरी

आमच्या बंगल्याचं गॅरेज रिकामं आहे. पगला वरच ठेवू, दोघांची भेट होऊ देणार नाही. संध्याकाळी क्लिनिकवरून थेट इकडे आणा.